‘मीट म्हणजे अन्न’ : मिन्समीटबद्दलच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

डिसेंबर लागला की इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: मिन्स पाय बिनधास्त खा. त्यातल्या मिन्समीटमध्ये मांस नसतं आणि कधीच नव्हतं, कारण जुन्या इंग्रजीत मीट म्हणजे फक्त अन्न. पूर्वी सडलेल्या मांसाचा वास झाकायला त्यात मसाले घालत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मांस बंद झालं. क्रॉमवेलने मिन्स पायवर बंदी आणली आणि तो कायदा आजही लागू आहे. मिन्समीटमध्ये तेराच जिन्नस असतात, येशू आणि त्याचे बारा शिष्य म्हणून. आणि आज दुकानात मिळणारे सगळे मिन्स पाय शंभर टक्के शाकाहारी.

ज्यांनी मिन्स पाय पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. तळहातावर मावेल एवढा, खुसखुशीत पारीचा, वरून पिठीसाखर भुरभुरलेला हा गोल पाय. आतलं काळपट, चिकट, गोड-आंबट सारण म्हणजे मिन्समीट. मनुका, बेदाणे, बारीक चिरलेलं सफरचंद, संत्र्या-लिंबाची साखरेत मुरवलेली साल, जायफळ, लवंग, दालचिनी आणि बरेचदा ब्रँडी. आपल्या दिवाळीत करंजीची जी जागा, ती इंग्रजांच्या नाताळात याची.

आई माझ्याकडे लेस्टरला आली होती तेव्हाची गोष्ट. शेजारच्या आजी नाताळच्या आधी दुकानातून आणलेला मिन्स पायचा डबा घेऊन आल्या. आईने विचारलं, "यात काही नसतं ना गं?" मी तो फॉरवर्ड वाचलेला होता. "नाही आई, नुसता सुका मेवा असतो," असं मी ठामपणे सांगितलं. तिने अर्धा खाल्ला, आवडलाही. मग सवयीने मी डबा उलटा करून मागचा मजकूर वाचला. मनुका, साखर, सफरचंदाचा गर आणि चौथ्या की पाचव्या जागी ‘बीफ सूएट’. म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. आईने उरलेला अर्धा बशीत ठेवला, उठून चूळ भरली आणि म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस. त्यांनी मायेने आणलं होतं." मला ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. सत्तर वर्षं पाळलेला नेम एका व्युत्पत्तीच्या भरवशावर मी मोडायला लावला होता. म्हणून या मजकुरातल्या एकेका विधानाला उत्तर द्यायचं आहे, आणि पहिल्याला सविस्तर, कारण बाकी सगळं त्याच्याच आधारावर उभं आहे.

‘जुन्या इंग्रजीत मीट म्हणजे अन्न, म्हणून मिन्समीटमध्ये मांस कधीच नव्हतं.’

या वाक्याचा पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘मेटे’ या शब्दाचा अर्थ अन्न, खाणं. स्वीडिश भाषेत आजही ‘मात’ म्हणजे जेवण. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात ‘मीट ऑफरिंग’ नावाचा नैवेद्य आहे आणि त्याची कृती त्याच ग्रंथात दिलेली आहे: सपीट, तेल आणि धूप. मांसाचा त्याला स्पर्शही नाही. मिठाईला इंग्रजीत ‘स्वीटमीट’ म्हणतात ते याच जुन्या अर्थाने. मुंबई-पुण्यात कितीतरी मिठाईच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘स्वीट मीट मार्ट’ लिहिलेलं असतं आणि त्या दुकानात पेढा घेताना कुणाला शंका येत नाही.

मराठी वाचकाला हा बदल परका वाटायचं कारण नाही. ‘मृग’ म्हणजे आज आपल्याला हरीण. पण संस्कृतात तो शब्द कुठल्याही जनावराला चालत असे. म्हणून तर सिंह मृगेंद्र, आणि शिकार, मग ती कसलीही असो, मृगया. सगळ्या जनावरांचा शब्द आक्रसून एका जनावराचा झाला. इंग्रजीत ‘मीट’चं तेच झालं, अन्नाचा शब्द आक्रसून मांसाचा झाला. हे आक्रसणं चौदाव्या शतकात सुरू झालेलं दिसतं, आणि पुढे तीनेक शतकं दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते.

चूक दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. ‘म्हणून’ या शब्दात.

मिन्समीट हा जोडशब्द रूढ झाला सतराव्या शतकात. त्याआधीचं रूप ‘मिन्स्ड मीट’, म्हणजे बारीक चिरलेलं मीट. आणि त्या काळात त्या सारणात काय पडत होतं हे शब्दाला विचारत बसायची गरज नाही, कारण कृती छापलेल्या आहेत. जर्व्हास मार्कम नावाच्या लेखकाने १६१५ साली इंग्रज गृहिणींसाठी एक पुस्तक काढलं. त्यातल्या मिन्स पायची कृती अशी: बोकडाची नव्हे, मेंढीची तंगडी घ्या. हाडावरचं उत्तम मांस काढून अर्धवट उकडा. त्यात मेंढीचीच तीन पौंड चरबी घालून सगळं अगदी बारीक चिरा. मिरी, मीठ, लवंग, जायपत्री लावा. मग भरपूर काळे छोटे मनुके, मोठे मनुके, सुकवलेले आलुबुखार, थोडा चिरलेला खजूर, संत्र्याच्या सालीचे तुकडे. हे सारण पारीत भरून भाजा आणि वाढताना झाकण उघडून वर साखर पेरा. शेवटी तो जोडतो की याच रीतीने गाईचं किंवा वासराचं मांसही करता येईल.

तीन पौंड म्हणजे जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅम नुसती चरबी, आणि वर एका तंगडीचं मांस. आपण ज्याला खिमा म्हणतो तोच हा, फक्त गोड. यानंतर ‘कधीच नव्हतं’ हे दोन शब्द टिकत नाहीत.

इथे एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगायला हवी. हॅना ग्लास या बाईंचं स्वयंपाकाचं पुस्तक १७४७ साली लंडनमध्ये निघालं आणि पुढे अनेक दशकं घरोघरी वापरलं गेलं. त्यांच्या मिन्स पायच्या मूळ कृतीत मांस नाही. चरबी आहे, मनुके आहेत, पन्नास सफरचंदं आहेत. तरीही पारीवर सारण पसरायला सांगताना त्या म्हणतात, ‘मीटचा पातळ थर द्या’. म्हणजे १७४७ सालीसुद्धा ‘मीट’ हा शब्द नुसत्या सारणाला चालत होता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे वाक्य दिलं असतं तर त्याचा मुद्दा मजबूत झाला असता. पण त्याच कृतीत पुढे बाई लिहितात: पायमध्ये मांस हवं असेल तर बैलाची जीभ अर्धवट उकडून, सोलून, शक्य तितकी बारीक चिरून मिसळा, नाहीतर कमरेकडचं दोन पौंड गोमांस उकडून घाला. आणि या ‘मांस हवं असेल तर’मध्येसुद्धा त्यांनी लिहिलेला शब्द ‘मीट’च आहे. एकाच पानावर, काही ओळींच्या अंतराने, तोच शब्द एकदा सारण आणि एकदा मांस.

मग शब्दाच्या मूळ अर्थावरून बरणीत काय आहे हे कसं ठरवणार? ‘तेल’ हा शब्द तिळापासून आला. म्हणून शेंगदाण्याच्या तेलात तीळ असतात असं आपण म्हणत नाही. ‘पुरण’ म्हणजे मुळात भरणं, जे भरलं जातं ते. त्या शब्दात हरभऱ्याची डाळही नाही आणि गूळही नाही. उद्या एखाद्या परदेशी पाहुण्याने शब्दकोश उघडून ‘पुरण म्हणजे फक्त भरलेलं, त्यात डाळ कधीच नव्हती’ असं ठरवलं, तर आपण त्याला शब्दकोश मिटून चुलीकडे यायला सांगू.

इंग्रजी स्वयंपाकघरात याच्या अगदी उलटी जोडीही आहे, आणि शाकाहारी माणसाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. ‘स्वीटमीट’मध्ये मांस नाही; पण ‘स्वीटब्रेड’मध्ये पाव नाही. स्वीटब्रेड म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या गळ्याजवळची एक ग्रंथी, कधीकधी स्वादुपिंड. नावावर जाऊन कुणी मेन्यूकार्डातून मागवलं तर काय ताटात येईल याचा विचार करा.

‘सडलेल्या मांसाचा वास झाकायला मसाले घालत.’

हे विधान पहिल्या विधानालाच खोटं पाडतं. मांस कधीच नव्हतं, तर वास कशाचा झाकत होते? एकाच मजकुरात तीन ओळींच्या अंतराने दोन्ही वाक्यं आहेत आणि ती पुढे पाठवणाऱ्या शेकडो हातांपैकी एकही थांबला नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या हातांत माझाही होता.

पण हा समज एवढ्यावर सोडण्यासारखा नाही, कारण तो मिन्समीटपुरता मर्यादित नाही. युरोपातले लोक कुजलेलं मांस खात होते आणि म्हणून त्यांना आपल्याकडचे मसाले हवे होते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. थोडा हिशेब मांडून पाहू. मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जायची. लवंग मालुकू बेटांवरून, जायपत्री आणि जायफळ त्याहून लहान अशा बांदा बेटांवरून. अर्धं जग ओलांडून, हातोहात नफा चढत, हा माल लंडनला पोचायचा. मेंढ्या मात्र इंग्लंडच्या प्रत्येक कुरणात चरत होत्या. ज्याला लवंग आणि जायपत्री परवडत होती त्याला ताजी तंगडी सहज परवडत होती. स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू कोण ओतेल? शिवाय खराब मांस विकणं तेव्हाही गुन्हा होता. लंडनमध्ये मध्ययुगात अशा विक्रेत्याला चव्हाट्यावर खोड्यात अडकवून उभं करत आणि तो माल त्याच्या समोर जाळत. आणि स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की नासलेल्या मटणात मूठभर लवंगा घातल्या तरी पोट बिघडायचं ते बिघडतंच.

मग गोड, मसालेदार मांस का? कारण लोकांना ती चव आवडत होती. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास लिहिलेली पाककृतींची गुंडाळी आजही जपलेली आहे, आणि तिच्यात मांस, मनुका, खजूर, साखर, मसाले असे जागोजाग एकत्र येतात. आज ब्लांमांज म्हणजे दुधाची थंडगार गोड वडी. त्या गुंडाळीत तो कोंबड्याचं मांस, तांदूळ, बदामाचं दूध आणि साखर यांचा पदार्थ आहे. मांस आणि गोड यांच्यामध्ये आपण आज जी भिंत बघतो ती तेव्हा नव्हती. मुंबईच्या पारशी घरात जर्दाळू घातलेलं मटण आजही लग्नाकार्यात होतं आणि ते खाताना कुणी मांस शिळं असल्याचा संशय घेत नाही.

साखर, चरबी आणि ब्रँडी यांनी मात्र एक काम नक्की केलं: टिकवण्याचं. हॅना ग्लास सांगतात की मातीच्या बरणीत घट्ट दाबून भरलेलं हे सारण चार महिने राहतं. आपल्या मोरंब्यामागचं तत्त्वही तेच आहे. चांगली वस्तू टिकवणं आणि नासलेली लपवणं यातला फरक लोणचं घालणाऱ्याला समजावून सांगायला नको.

‘व्हिक्टोरिया राणीच्या काळात मांस बंद झालं.’

व्हिक्टोरियाचा जन्म १८१९चा. हॅना ग्लास यांच्या कृतीत मांस हवं तर घाला या पायरीवर पोचलं होतं त्याला तेव्हा ७२ वर्षं झाली होती. उलट व्हिक्टोरिया गादीवर असताना, १८४५ साली, एलायझा अ‍ॅक्टन यांनी दिलेल्या कृतीत एक पौंड उकडलेली बैलाची जीभ आहे. १८६१ साली मिसेस बीटन यांचं घरसंसाराचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात मिन्समीटच्या दोन कृती लागोपाठ आहेत. पहिलीत दीड पौंड बिनचरबीचं गोमांस आणि वर तीन पौंड गुरांची चरबी. दुसरीचं नाव ‘उत्कृष्ट मिन्समीट’, आणि तिच्यात मांस नाही, चरबी आहे. दोन पिढ्यांच्या दोन आवडी एकाच पानावर शेजारी बसलेल्या दिसतात.

कुठल्या राणीच्या हुकमाने हे झालं नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये साखर भराभर स्वस्त झाली, आणि ती स्वस्त का झाली हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही: कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर. साखर राजाच्या ताटातून मध्यमवर्गीय घरात आली तसा मिन्स पाय जेवणातल्या पदार्थाकडून गोड पदार्थाकडे सरकत गेला, आणि मटण हळूहळू कमी होत गेलं. सगळीकडे गेलंही नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत शिकार करणाऱ्या कुटुंबांमध्ये हरणाच्या मांसाचं मिन्समीट बरण्यांत भरून ठेवायची रीत विसाव्या शतकातही चालू होती.

मांस गेलं, चरबी राहिली. आईच्या बशीतल्या अर्ध्या पायमध्ये होता तो या इतिहासाचा शेवटचा धागा.

‘क्रॉमवेलने मिन्स पायवर बंदी आणली, तो कायदा आजही आहे.’

नाताळवर गदा आली होती, हे खरं. पण मिन्स पाय खाण्याला मनाई करणारा कायदा कधी झाला नाही, आणि जे झालं ते एकट्या क्रॉमवेलने केलेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलेलं असताना पार्लमेंटने दर महिन्याचा शेवटचा बुधवार उपवासाचा ठरवला होता. १६४४ साली २५ डिसेंबर नेमका त्या बुधवारी आला, आणि पार्लमेंटने उपवासच पाळायचा असं बजावलं. त्या एका दिवशी मिन्स पाय काय, मेजवानीचं काहीच चालणार नव्हतं. पुढे जून १६४७मध्ये नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द करणारा वटहुकूम निघाला. क्रॉमवेल तेव्हा सेनानी आणि पार्लमेंटचा सभासद होता; देशाचा सर्वाधिकारी तो झाला डिसेंबर १६५३मध्ये.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. १६४७च्या नाताळात कँटरबरीत दंगल झाली. १६५७च्या नाताळात रोजनिशीकार जॉन एव्हलिन लंडनमधल्या एका प्रार्थनाघरात गेला असताना सैनिकांनी इमारतीला वेढा घातला आणि त्याला अडकवून ठेवलं. धर्मातले सण-सोहळे नको म्हणणाऱ्या कडव्या प्युरिटन पंथाच्या लोकांना मिन्स पाय हे अंधश्रद्धेचं खाणं वाटत होतं आणि त्यावरून त्यांची टिंगलही भरपूर झाली. त्या टिंगलीतूनच पुढे ‘बंदी’ची कथा मोठी झाली असावी, असं मला वाटतं.

त्या युद्धात हरलेली राजेशाही १६६०मध्ये परत आली आणि मधल्या काळात राजाच्या संमतीविना झालेले कायदे रद्दबातल धरले गेले. ‘आजही लागू’ म्हणायला तिथे काहीच उरलं नाही. ब्रिटनच्या लॉ कमिशनने, म्हणजे कायद्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेनेही, अशा विचित्र कायद्यांच्या दंतकथा तपासताना हेच सांगितलं आहे.

आणि मिन्स पाय? २५ डिसेंबर १६६६ची सॅम्युअल पेप्सची रोजनिशी उघडा. लंडनच्या महाआगीला चार महिनेही झाले नव्हते. पेप्स लिहितो की तो सकाळी उशिरा उठला आणि बायकोला झोपू दिलं, कारण मोलकरणी मिन्स पाय करत होत्या ते बघत ती पहाटे चारपर्यंत जागी होती. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री करंज्या तळताना जागलेल्या कुठल्याही बाईला त्या घराचा वास ओळखीचा वाटेल.

‘तेरा जिन्नस: येशू आणि बारा शिष्य.’

मोजून पाहू. मार्कमच्या कृतीत मांस, चरबी, मिरी, मीठ, लवंग, जायपत्री, काळे छोटे मनुके, मोठे मनुके, आलुबुखार, खजूर, संत्र्याची साल, वरची साखर: बारा. हॅना ग्लास यांच्या बरणीत चरबी, दोन तऱ्हेचे मनुके, सफरचंद, साखर, जायपत्री, लवंग, जायफळ, ब्रँडी आणि सॅक नावाची स्पॅनिश वाइन: दहा. मिसेस बीटन यांच्या गोमांसाच्या कृतीत बारा. तेरा कुठेच नाहीत, आणि या तिघांपैकी कुणीही जिन्नसांना शिष्यांची नावं दिलेली नाहीत.

धार्मिक प्रतीक शोधायचंच असेल तर ते सारणात नाही, पारीच्या आकारात आहे. त्या काळी पायच्या जाड पारीला ‘कॉफिन’ म्हणत. आज त्या शब्दाने शवपेटीच डोळ्यांपुढे येते, पण मुळात त्याचा अर्थ पेटी, टोपली एवढाच. जॉन सेल्डन या कायदेपंडिताच्या संभाषणांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६८९मध्ये छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की नाताळच्या पायचा लांबोळा कॉफिन येशूच्या गव्हाणीची नक्कल आहे. हे त्या काळातल्या माणसाचं म्हणणं आहे, आणि तेरा जिन्नसांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

‘आजचे सगळे मिन्स पाय शंभर टक्के शाकाहारी.’

या विधानाने खरंखुरं नुकसान होतं. बाकीची विधानं चुकली तर इतिहास चुकतो; हे चुकलं तर माणसाचा नेम मोडतो. आणि प्रश्न फक्त शाकाहारी लोकांचा नाही. आपल्यात मटण-मासे आवडीने खाणारी पण गोमांस न खाणारी कितीतरी घरं आहेत. हलालचं पाहणाऱ्या शेजाऱ्यांनाही हीच माहिती हवी असते.

वस्तुस्थिती अशी आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या दुकानांतले पुष्कळ मिन्स पाय आज वनस्पतीजन्य सूएटने केलेले असतात. हे सूएट म्हणजे बहुधा पाम तेलाचे, पीठ लावलेले बारीक पांढरे दाणे. अशा डब्यावर शाकाहारी असल्याचं लिहिलेलं असतं. पण गुरांच्या चरबीचं मिन्समीटही सर्रास मिळतं: बाटलीबंद, बेकरीतलं, आणि ‘पारंपरिक’ म्हणून जास्त किमतीला विकलं जाणारं तर हमखास बघून घ्यावं. घरी केलेल्या बरणीवर काहीच लिहिलेलं नसतं. पारीतही अडचण असू शकते. काही जण ती लोण्याऐवजी लार्ड घालून करतात, म्हणजे डुकराची चरबी. वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी तेही पाहावं.

म्हणून डब्यावर ‘मीट’ हा शब्द शोधत बसू नका, ‘सूएट’ शोधा. त्याच्या आधी ‘व्हेजिटेबल’ आहे की ‘बीफ’, एवढं वाचा. कुणी घरचं दिलं तर "सूएट कुठलं वापरलंत?" असं सरळ विचारा. इंग्रज माणसाला या प्रश्नाचं वाईट वाटत नाही. नाताळच्या जेवणाला माणसं बोलावताना पाहुण्यांना काय चालतं हे त्यांच्यातही विचारलं जातं.

मी तो प्रश्न उशिरा विचारला. आई परत गेल्यावर शेजारच्या आजींना सगळं सांगितलं. त्यांना आधी वाईट वाटलं, मग त्या म्हणाल्या की त्यांच्या आईच्या हातच्या मिन्समीटमध्ये चरबी असायचीच आणि तिच्याशिवाय ते होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढच्या नोव्हेंबरात आम्ही दोघींनी माझ्या ओट्यावर करून पाहिलं. अर्धा किलो मनुका-बेदाणे, दोन आंबट सफरचंदं किसून, पाव किलो गडद साखर, एका लिंबाची आणि एका संत्र्याची किसलेली साल आणि रस, अर्धं जायफळ, चार लवंगांची पूड, दालचिनी. सूएटच्या जागी शंभर ग्रॅम लोणी वितळवून. मंद आचेवर सफरचंद गळेपर्यंत परतलं, गार झाल्यावर बरणीत भरलं. चव जुळली. आजींनी चमचा चाटून सांगितलं की नुसतं तोंडात घेतलं तर फरक कळतो, पायमध्ये कळत नाही.

ब्रँडी आम्ही घातली नव्हती, कारण पहिली बरणी आईसाठी होती. तसं केलंत तर बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. हॅना ग्लास यांचे चार महिने ब्रँडीशिवाय मिळत नाहीत.